धूर सरकार तपासते, ब्रेक आपण तपासायचे



आमचे सांता क्लारा हे गाव कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला साधारण ४५ मैलांवर आहे. नाव स्पॅनिश आहे. १२ जानेवारी १७७७ रोजी स्पॅनिश पाद्र्यांनी इथे, ओहलोनी लोकांच्या भूमीवर, आपले मिशन स्थापन केले आणि त्या मिशनचेच नाव पुढे गावाला पडले. नंतर ही सगळी दरी फळबागांसाठी प्रसिद्ध झाली. जर्दाळू, आलुबुखार, चेरी. वसंत ऋतूत मैलोन्‌मैल पांढरा फुलोरा दिसे, म्हणून लोक तिला ‘हृदयाच्या आनंदाची दरी’ म्हणत. मग बागा गेल्या आणि चिपचे कारखाने आले. १९७१ साली एका वार्ताहराने आपल्या लेखमालेत ‘सिलिकॉन व्हॅली’ हे नाव छापले. त्याच वर्षी इंटेल कंपनीने आपली ४००४ ही चिप बाजारात आणली. आज एल कॅमिनो रियाल या मोठ्या रस्त्यावर भारतीय दुकानांची रांग आहे. कढीपत्ता मिळतो, कोकम मिळते, तांदळाचे पीठ मिळते. म्हाताऱ्या माणसांना आणखी काय हवे?

तर अशा या नव्या-नव्या यंत्रांच्या गावात आम्ही एक जुनी गाडी विकत घेतली आहे. १९८५ सालची, म्हणजे चाळिशी गाठलेली. फोक्सवॅगन कंपनीची व्हॅनागन, वेस्टफालिया बनावटीची. बालमित्रांनो, ही नुसती मोटार नव्हे, चाकांवरचे घर आहे. छप्पर वर उचलले की माळा तयार होतो, त्यावर दोघे झोपतात. मागचा बाक उलगडला की खाली आणखी दोघे. दोन बर्नरची शेगडी, छोटे बेसिन, पाण्याची टाकी, फ्रीज, सगळे काही आत आहे. इंजिन मात्र मागे, बिछान्याच्या खाली!

या गाडीचे घराणे मोठे आहे. १९४७ साली बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याने वहीच्या पानावर एका डबेवजा गाडीचे रेखाटन केले आणि १९५० साली जर्मनीत ती गाडी तयार होऊ लागली. पुढच्याच वर्षापासून वेस्टफालिया कंपनी तिच्यात झोपण्या-शिजवण्याची सोय बसवू लागली. आमच्या या दरीशीही तिचे नाते आहे. १९७६ साली ॲपल कंपनी सुरू करताना स्टीव्ह जॉब्सने भांडवलासाठी आपली फोक्सवॅगन बस विकली होती. हे कळल्यावर आमचा बारा वर्षांचा नातू म्हणाला, “आजोबा, त्यानं गाडी विकली आणि कंपनी काढली. तुम्ही पैसे दिले आणि गाडी घेतली. उलटंच झालं की!”

आम्ही म्हणजे आम्ही दोघे म्हातारे. बरोबर हा नातू आणि त्याची नऊ वर्षांची बहीण. उन्हाळ्याच्या सुटीत चौघांनी डोंगरापलीकडच्या रेडवुडच्या जंगलात जाऊन दोन रात्री गाडीत झोपायचे, असे ठरले होते. पण गाडी दारात आली त्याच दिवशी आम्ही घरात एक नियम सांगितला. संपूर्ण तपासणी होईपर्यंत नातवंडांनी तिच्यात बसून एक मैलसुद्धा जायचे नाही. त्यासाठी गाडीच्या किमतीखेरीज काही रक्कम आधीच बाजूला काढून ठेवली होती. जुनी गाडी घेणाऱ्याने ती ठेवावीच.

आता कोणी विचारील, सरकार तपासत नाही का? इथेच खरी गोम आहे. कॅलिफोर्नियात १९७६ सालची किंवा त्यानंतरची, पण फार नवी नसलेली पेट्रोलची गाडी असेल, तर दर दोन वर्षांनी तिच्या धुराची तपासणी करावी लागते. तिला इथे स्मॉग चेक म्हणतात. गाडी विकतानाही विकणाऱ्याने ९० दिवसांच्या आतला धुराचा दाखला द्यावा लागतो. आमच्या विकणाऱ्यानेही तो दिला. शिक्का-सही सगळे व्यवस्थित. पण खाजगी गाडीचे ब्रेक धरतात का, टायर किती जुने आहेत, स्टिअरिंगमध्ये खेळ आहे का, हे ठरावीक काळाने तपासून घ्या असे हे राज्य सांगत नाही. रस्त्यावर पोलिसाला दोष दिसला तर तो दंड करील, एवढेच.

इस्रायलमधल्या आपल्या वाचकांना याचे नवल वाटेल. तिथे जुन्या गाडीचे वर्षाचे ‘टेस्ट’ झाल्याशिवाय गाडीचे लायसन्स पुढे सरकत नाही. भारतातही खाजगी गाडीला पंधरा वर्षे झाली की पुन्हा नोंदणीच्या वेळी ती रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का ते पाहतात. इथे मात्र हातात धुराचा कागद असतो आणि माणसाला वाटते, गाडी पास झाली! अहो, धूर पास झाला. गाडी पास झाली की नाही ते घरच्यांनी बघायचे.

कोकणातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असत. नारळी पौर्णिमेच्या आधी प्रत्येक होडीचे सांधे पुन्हा बुजवत, फळ्यांना तेल फाशीत आणि मगच ती पाण्यात लोटीत. गेल्या वर्षी बुडाली नाही म्हणून यंदा बुडणार नाही, असे कोणी म्हणत नसे. मुंबईकरांना आगगाडीचे आठवेल. गाडी स्टेशनात उभी असताना एक माणूस लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकांवर ठोके देत जाई. चाक घणघणले तर ठीक, भद्द वाजले तर त्यात तडा. सगळी विद्या त्याच्या कानात होती. आमच्या गाडीत एकही संगणकाचा पडदा नाही. तिच्यासाठीसुद्धा कान, नाक, डोळे आणि हातच लागतात.

आम्ही एक क्रम ठरवला आणि तो कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावला. आधी थांबणे, मग वळणे, मग आग, मग श्वास. निघणे सर्वांत शेवटी.

थांबणे म्हणजे ब्रेक. या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. पहिली परीक्षा कोणालाही जागेवर बसून करता येते. इंजिन चालू ठेवून पेडल जोराने दाबायचे आणि एक मिनिट तसेच दाबून धरायचे. पाय हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे. दुसरी परीक्षा अशी: इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबून तसेच धरायचे आणि मग इंजिन सुरू करायचे. पेडल किंचित खाली गेले तर ब्रेकला जोर देणारे यंत्र चालू आहे. आमचे पेडल दोन्ही परीक्षांत पास झाले. पण मागचा ड्रम उघडल्यावर आतल्या छोट्या सिलिंडरपाशी ओल दिसली. ब्रेक ऑइल घाम आल्यासारखे पाझरत होते आणि ते ऑइलही काळपट झाले होते. बालमित्रांनो, ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. पाणी शिरले की ते लवकर उकळते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. म्हणजे पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही! म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचे. आम्ही मागचे सिलिंडर, रबरी ब्रेकनळ्या आणि ऑइल, सगळेच बदलून घेतले.

मग वळणे. चाक जमिनीवरून उचलून, एक हात वर आणि एक खाली धरून हलवायचे. खडखडले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट झिजलेला. मग दोन्ही हात डावी-उजवीकडे धरून हलवायचे, म्हणजे स्टिअरिंगचे सांधे कळतात. इथे एक गोष्ट मोठ्या अक्षरांत सांगावीशी वाटते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी लोखंडी स्टँड लावावे लागतात. आमची गाडी उचलली गावातल्या एका जुन्या मेकॅनिकने. आम्ही फक्त बघत होतो आणि प्रश्न विचारीत होतो.

टायरचे काम मुलांचे. टायर दिसायला सुरेख होते. नक्षी खोल, कडा काळ्याभोर. पण रबराचे वय नक्षीवरून कळत नाही. टायरच्या बाजूला ‘डीओटी’ ही अक्षरे असतात आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. हे आकडे पुष्कळदा आतल्या बाजूला लपलेले असतात, त्यामुळे बॅटरी घेऊन वाकून शोधावे लागतात. नातू जमिनीवर पालथा झाला आणि ओरडला, “शून्य, नऊ, शून्य, आठ!” नातीने हिशेब केला. २००८ सालचा नववा आठवडा. म्हणजे मार्च जवळ आला होता. “म्हणजे हा टायर दादापेक्षा मोठा!” दहा वर्षांवरचा टायर कितीही चांगला दिसला तरी वापरू नये, असे टायर बनवणारेच सांगतात. काही गाडीवाले तर सहाच वर्षांत बदला म्हणतात.

खरी गंमत स्टेपनीची. या गाडीची स्टेपनी पुढच्या नाकाखाली एका ताटलीत असते. ती खाली उतरवली तर तिच्यावर फक्त तीन आकडे: ३२७. नात म्हणाली, “एक आकडा पुसला गेला.” पुसला नव्हता. २००० सालाच्या आधी तीनच आकडे छापीत. बत्तिसावा आठवडा आणि सात, म्हणजे १९९७. तो टायर एकदाही रस्त्याला लागला नव्हता. केस अजून नव्यासारखे उभे होते आणि कड बोटाने वाकवली तर बारीक भेगा उघडत होत्या. वापरला नाही म्हणजे जपला, असे रबराचे नसते. पाचही टायर बदलले. शिवाय ही गाडी सामानासकट अडीच टनांच्या जवळ जाते, तिला साध्या मोटारीचे टायर चालत नाहीत. जास्त वजन पेलणारेच घ्यावे लागतात. दुकानात हे नीट बजावून सांगायचे.

आता आग. जुन्या फोक्सवॅगन गाड्या बाळगणाऱ्यांत या गोष्टीची धास्ती सर्वांत मोठी असते, आणि ती उगाच नाही. पेट्रोलची टाकी पुढे आहे आणि इंजिन मागे. पंप पेट्रोल दाबाने ढकलतो आणि शेवटच्या टप्प्यात ते रबरी नळ्यांतून, तापलेल्या इंजिनच्या अगदी जवळून जाते. रबर चाळीस वर्षांचे असेल आणि तडा गेला तर पेट्रोलचा फवाराच उडतो. हा दोष बनवणाऱ्याचा नव्हे, वयाचा आहे. त्यात इथल्या पेट्रोलमध्ये आता साधारण १० टक्के इथेनॉल असते. जुन्या काळचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते, ते अधिकच लवकर कुजते.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी मागचे झाकण उघडून बघत असताना आमच्यातल्या आजीने नाक वर केले. “वास येतोय.” मेकॅनिक म्हणाला, जुनी गाडी आहे, थोडा येतोच. आजी म्हणाली, “थोडा गॅसचा वास आला तर आपण घरात काडी ओढतो का?” मग त्याने दिवा धरला. एका नळीला क्लॅम्पच्या कडेला ओल होती. त्याने ती नळी बाहेर काढून वाकवली. वरून काळी, गुळगुळीत, आणि वाकवताच सुकलेल्या चिखलासारख्या भेगा. मेकॅनिक थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “रंग शेजाऱ्यांसाठी असतो, नळी तुमच्यासाठी.” ज्या बिछान्यावर नातवंडे झोपायची होती, तो त्या नळीच्या बरोबर वर होता.

त्या दिवशी सहल पुढे ढकलली. नातू रागावला. सामान बांधून झाले होते, जंगलातली जागा आधीच राखून ठेवली होती, आणि मित्रांना सांगूनही झाले होते. आम्ही त्याला ती नळी हातात दिली. त्याने ती दोनदा वाकवून पाहिली आणि मुकाट्याने सामान सोडायला गेला. नळी त्याच्या टेबलावर आहे. शाळेतल्या मुलांना दाखवतो म्हणे.

नवीन नळ्या बसवताना एक गोष्ट शिकलो. पेट्रोलची कुठलीही नळी चालत नाही. इंजेक्शनच्या दाबाची असावी लागते आणि तसे तिच्यावर छापलेले असते. क्लॅम्पही रबर न कापणारे हवेत. टाकीपासून इंजिनपर्यंतच्या सर्व रबरी नळ्या एकाच वेळी बदलल्या. एक फाटली म्हणजे तिच्या बहिणीही त्याच वयाच्या. आग विझवण्याची दोन नळकांडी घेतली. एक चालकाच्या हाताशी, एक सरकत्या दाराजवळ. शेगडीजवळ ठेवायचे नाही, कारण आग तिथेच लागली तर हात कसा पोचणार? काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते महिन्यातून एकदा बघायचे. वापरायची रीत मुलांनी पाठ केली: पिन ओढा, ज्वाळेच्या बुडाशी नेम धरा, दांडा दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. पण त्याच्या आधीचा नियम असा की सगळ्यांनी बाहेर पडून गाडीपासून लांब जायचे. गाडी पुन्हा मिळते.

शेवटी श्वास. शेगडीचा आणि फ्रीजचा गॅस गाडीच्या पोटाखालच्या टाकीत असतो. ही टाकी कधीही ८० टक्क्यांच्या वर भरत नाहीत, कारण उन्हात आतला द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. सांधे गळतात का हे पाहण्याची रीत आपल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. साबणाचे पाणी! नवीन सिलिंडर लावला की मुंबईच्या स्वयंपाकघरात आपण तेच करायचो. आजीने भांड्यांचा साबण वाटीत फेसला, जुना ब्रश घेतला आणि एकेका सांध्याला लावीत गेली. फ्रीजमागच्या एका सांध्याला बारीक बुडबुडे आले, मोहरीएवढे. लगेच टाकीची चावी बंद केली आणि तो सांधा जाणकाराकडून दुरुस्त करून घेतला. काडी लावून गळती शोधायची नाही, हे सांगायला नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. म्हणून त्याचा वास ओळखणारी घंटा पायापाशी बसवायची.

दुसरा शत्रू त्याहून वाईट, कारण त्याला वासच नाही. कार्बन मोनॉक्साइड. धुराच्या नळीला भोक पडले असेल, मागच्या दाराचे रबर सुटले असेल, किंवा थंडी वाजते म्हणून कोणी शेगडी पेटवून दारे लावून झोपले, तर हा वायू गाडीत साचतो. माणसाला डोके दुखते, झोप येते आणि ती झोप संपत नाही. आम्ही मागच्या दाराचे रबर बदलले, सायलेन्सरचे सांधे तपासले आणि बिछान्याच्या उंचीवर या वायूची घंटा बसवली. धुराची घंटा वेगळी, ती वर छताजवळ. घरात कागद लागला आहे: शेगडी स्वयंपाकासाठी, ऊब देण्यासाठी नाही. स्वयंपाक करताना खिडकी उघडी. झोपताना टाकीची चावी बंद. थंडी वाजली तर गोधडी आहे. आजीने शिवलेल्या दोन आहेत.

मग पट्टे. मागच्या बाकावर फक्त कमरेचे पट्टे होते. इथल्या कायद्याप्रमाणे आठ वर्षांखालच्या मुलाला मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या खास आसनात बसवावे लागते. चार फूट नऊ इंच उंची झाली असेल तरच सूट. आमची नात नऊ वर्षांची असली तरी लहानखुरी आहे. म्हणून तिथे खांद्यावरून येणारे पट्टे बसवून घेतले आणि तिच्याखाली उंच आसन दिले. सुट्या वस्तूंचेही भय असते. अचानक ब्रेक मारला की कुकर तोफगोळा होतो! कुकर, तवा आणि पोळपाट खालच्या कपाटात, कडी लावून. लाटणे मात्र नातीने आपल्या उशीखाली ठेवायचे ठरवले होते, अस्वल आले तर म्हणून. तेही कपाटात गेले.

सगळ्यात शेवटी मुलांनी अंधारात बाहेर पडण्याचा सराव केला. माळ्यावरून खाली, दार चाचपडून उघडायचे, बाहेर झाडापाशी जाऊन मोठ्याने स्वतःचे नाव सांगायचे. पहिल्यांदा नातीला कडी सापडली नाही. चौथ्या वेळी दोघे बघता बघता बाहेर.

मग निघणे आले. तेही एकदम नाही. पहिली फेरी गावातच, आमच्या घरापासून मिशनच्या जुन्या चर्चपर्यंत. ते चर्च १९२६ साली आगीत जळाले आणि १९२८ साली पुन्हा उभे राहिले. परत येऊन गाडीखाली पुठ्ठा पसरला आणि सकाळी त्यावर डाग आहेत का ते पाहिले. दुसरी फेरी अल्विसोपर्यंत, जिथे सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर दक्षिणेकडे संपतो. खाऱ्या पाण्याची तळी, पाणपक्षी, आणि तोंडावर येणारा भणाणता वारा. गाडी उंच, चपटी आणि हलक्या नाकाची. वाऱ्याची झुळूक आली की बाजूला सरकते. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायला ती आपोआप शिकवते.

तिसरी फेरी घाटाची. आमच्या दरीतून सांता क्रूझकडे १७ नंबरचा रस्ता जातो. लॉस गॅटोस गावापासून तो चढू लागतो, सुमारे १,८०० फुटांवर डोंगर ओलांडतो आणि वळणे घेत समुद्राकडे उतरतो. खंडाळ्याच्या घाटाची आठवण व्हावी असा. तिथल्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम इथेही खरा आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. गाडी इंजिनने आवरायची, ब्रेकला उसंत द्यायची. चढताना आम्ही उजवीकडच्या लेनमधून बैलगाडीच्या चालीने. मागची माणसे हॉर्न वाजवीत, आम्ही वाजवू देत असू. डोळा तापमानाच्या काट्यावर. या गाडीचा रेडिएटर पुढे, इंजिन मागे, आणि पाणी पोटाखालच्या लांब नळ्यांतून धावते, त्यामुळे कुठे गळले तर इंजिन लवकर तापते. काटा मध्यावर राहिला. उतरून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. चारही सारखीच ऊन. एखादे चाक फार तापलेले असते तर तिथला ब्रेक अडकला आहे असे समजायचे.

ही तिसरी फेरीही आम्ही दोघांनीच केली. नातवंडे बसली ती त्यानंतरच्या शनिवार-रविवारला जोडलेल्या सुटीत.

घरापासून साधारण ३० मैलांवर फेल्टन गावाजवळ हेन्री कॉवेल नावाचे सरकारी उद्यान आहे. तिथली रेडवुडची झाडे २७० फुटांहून उंच जातात. नातीने मान वर करून पाहिले, टोपी पडली, तरी शेंडा दिसेना. शेजारी रोअरिंग कॅम्प नावाची वाफेची आगगाडी आहे, १९६३ सालापासून चालते. तिथले एक इंजिन १९१२ सालचे. माथेरानच्या छोट्या गाडीत बसलेल्या आम्हा दोघांना गंगेत न्हाल्यासारखे वाटले. गाडी सुटण्याआधी एक माणूस तेलाचे भांडे घेऊन सांध्या-सांध्यावर धार धरीत फिरत होता. नातू बराच वेळ त्याच्या मागे-मागे. मग येऊन म्हणाला, “आजोबा, शंभर वर्षांवरचं इंजिन आहे, आणि तो रोज तपासतो. रोज!” आम्ही म्हटले, “म्हणूनच शंभर वर्षांवरचं आहे.”

या डोंगरांत आगीचा विषय कोणी हसण्यावारी नेत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये विजा पडून इथे वणवा पेटला. ८६ हजार एकरांहून अधिक मुलूख जळाला आणि जवळच्या बिग बेसिन उद्यानातल्या बहुतेक इमारती गेल्या. म्हणून गाडी वाळक्या गवतावर उभी करायची नाही, कारण खालची धुराची नळी तापलेली असते. आम्ही मातीची मोकळी जागा पाहून गाडी लावली, हँडब्रेक ओढला, चाकाखाली ठोकळा लावला. संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून कांदेपोहे केले. रात्री टाकीची चावी बंद करण्याचे काम नातीचे होते. तिने बंद केली आणि पुन्हा एकदा जाऊन बघून आली. दोन्ही रात्री मुले माळ्यावर गाढ झोपली. खाली आम्ही दोघे मात्र पहिल्या रात्री बराच वेळ जागे होतो. घंटेचा छोटा हिरवा दिवा बघत. मग कधीतरी झोप लागली.

सहलीत काहीही घडले नाही. आमच्या लेखी हीच सहलीची सर्वांत मोठी बातमी आहे.

आता बालमित्रांसाठी एक काम. तुमच्या घरची गाडी जुनी असो वा नवी, उद्या सकाळी मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, इंजिन बंद असताना, तिच्या टायरवरचे शेवटचे चार आकडे शोधा. स्टेपनीही विसरू नका. आठवडा कोणता, वर्ष कोणते, वय किती, हे वहीत लिहा आणि आजी-आजोबांना वाचून दाखवा. दहाच्या वर वय निघाले तर आई-बाबांना सांगा, आणि ते “बघू नंतर” म्हणाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा. आजी-आजोबांनो, तुम्ही मुलांच्या बाजूने बोला.

आपले स्नेही,
सांता क्लाराचे आजी-आजोबा